वस्तूचं गाव विचारणारे मामा

माझ्या मामांनी आजवर एकही वस्तू सुलट धरून पाहिलेली नाही. जग ज्या बाजूने रंगीत असतं, त्या बाजूशी त्यांचं काही देणंघेणंच नाही. टॉर्च असो, गाळणी असो, नाही तर कुणी प्रेमाने दिलेली छत्री असो, मामा ती आधी उलटी करतात, नाकाजवळ नेतात, डोळे बारीक करतात आणि विचारतात, "कुठची आहे?" वजनमापे खात्यात निरीक्षकसाहेबांचे मदतनीस म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली. निवृत्त होऊन ते आपल्या गावी, रोहण्याला परतले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. बाहेरच्या देशातून आलेल्या वस्तूवर ती बनली त्या देशाचं नाव, मागवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा फोन छापलेला पाहिजे, हा नियम ते पाढ्यासारखा म्हणतात. "माणसाले गाव विचारलं तं तो सांगते का नाई? मंग वस्तूनं काऊन लाजावं?"

बाजारात प्लास्टिकचं सामान मांडणारा त्यांना लांबून पाहूनच कपाळाला हात लावतो. एकदा मामांनी चहाची गाळणी इतका वेळ उलटसुलट केली की मागच्या तीन बायाही आपापल्या हातातले डबे उलटे करून पाहू लागल्या आणि काही न घेता निघून गेल्या. दुकानदार रडकुंडीला आला. "मामाजी, गाळणी आहे ती! तिचा पासपोर्ट नाई काढून राह्यलो मी!" मामा शांतपणे म्हणाले, "काढ. पुढच्या बाजारी दाखवजो." दुसऱ्या एका वेळी, कंगव्याच्या पाकिटावरचा तक्रारीचा नंबर खरा आहे का, हे पाहायला त्यांनी फोन लावला. पलीकडून कुणी मुलगी हिंदीत काय तक्रार आहे म्हणून विचारू लागली. "तक्रार कुछ नहीं बेटी, नंबर चालू है क्या देख रहा था." मग पंधरा मिनिटं गप्पा झाल्या आणि तिला हुरड्याचं आमंत्रणही गेलं. मामी आतून म्हणाली, "लग्नाच्या वेळी खात्यात नव्हते म्हणून वाचली बाई मी. नाई तं मले बी उलटी करून पाह्यली असती!"

पण मी हसतो ते जपून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा माझ्यापुढे रिकामे खोके मांडायचे आणि इंग्रजी लेबलं वाचून घ्यायचे. तैवान, व्हिएतनाम, मलेशिया मी खोक्यांवर वाचले आणि मग शाळेच्या नकाशात शोधले. "बारीक अक्षराले भेऊ नको," ते म्हणायचे, "मोठ्या अक्षरात तं सगळेच चांगलं बोलते." मी पदवीधर झालो त्यात या खोक्यांचा वाटा मोठा आहे.

अशा माणसाच्या घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघाला. माझी मामेबहीण नर्स आहे. वर्ध्याचा मुलगा तिनेच पसंत केलेला, आणि दोन्ही घरांना राजी करण्यात तिची दोन वर्षं गेली होती. मुलाच्या काकांचं वर्ध्यात विजेच्या सामानाचं दुकान. त्यांनी भर मांडवात भिंतीवरच्या घड्याळाचा खोका मामांच्या हातात दिला. "असली जपानी आहे, भाऊ!"

मामांच्या हातांनी त्यांना न विचारताच खोका उलटा केला. जपानचं नाव होतं, पण चिकटवलेलं. स्टिकरचा एक कोपरा सुटलेला होता. मामांचं नख तिथे गेलं आणि खाली छापलेलं दुसऱ्याच देशाचं नाव दिसलं. मी शेजारीच बसलो होतो, मला दिसलं. काकांनाही दिसलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. बहीण चिवड्याच्या बशा घेऊन येत होती. बापाचं नख कुठे आहे हे पाहून ती जागीच थांबली.

"बाबा," ती एवढंच म्हणाली.

मामांनी अंगठ्याने तो कोपरा दाबून बसवला, खोका सुलट केला आणि म्हणाले, "सुरेख आहे. समोरच्या भिंतीवर लावू."

पाहुणे गेल्यावर मामीने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

लग्न झालं, आणि पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. "भाऊ, त्या दिवशी तुम्ही माही इज्जत राखली. घाऊकवाला जे चिकटवून देते तेच मी विकून राह्यलो होतो. एकदा येऊन दुकान पाहून द्या." तेव्हापासून मामा लेबलं वाचायचं भिंग खिशात घालून दर गुरुवारी एसटीने वर्ध्याला जाऊ लागले. खोटे स्टिकर निघाले, माल परत गेला. लेकीचं घर दुकानापासून दोन गल्ल्या पुढे. काही काम नसताना लेकीच्या सासरी जाऊन बसणं मामांच्या पिढीला जमत नाही. पण कामाला आलोच आहोत तर चहा घेऊन जाऊ, एवढं जमतं.

मागच्या महिन्यात मी बल्ब घ्यायला त्या दुकानात गेलो. कोपऱ्यात सुतळीने बांधलेले पाच खोके होते. काका म्हणाले, "ते मामाजीसाठी. दर बुधवारी काढून ठेवतो."

"अजून तपासायचे राहिले?"

"चारदा तपासून झाले," काका हळूच म्हणाले. "त्याईले सांगू नका बरं."

मी सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी मी रोहण्यालाच होतो. मामा लेकीसाठी पातोड्यांचा डबा घेऊन घाईने बस गाठायला निघाले. लेबलं वाचायचं भिंग टेबलावरच राहिलं होतं. मी ते उचलून हाक मारणार, तोच मामी म्हणाली, "राहू दे. महिना झाला, गुरुवारी बी ते तिथंच असते."