गोपशेठचं सनस्क्रीन

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या लॅबमध्ये सकाळी सगळे बीकर धुऊन ठेवले तरी दुपारी बेसिनमध्ये ढीग असतोच, तसे तेही साठतात! अंबरनाथ एमआयडीसीतली आमची कंपनी लहान, दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी सनस्क्रीन बनवून देते. लॅबच्या प्रमुख कांबळे मॅडम, मी त्यांच्या हाताखाली. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे उल्हासनगर कॅम्प दोनचे गोपशेठ.

*

गोपशेठचा पहिला हुकूम, "लेबलवर 'केमिकल-फ्री' छापा. आजकल वोही चलता है."

मॅडम म्हणाल्या, "शेठ, ऊन अडवणारं झिंक ऑक्साइडसुद्धा केमिकलच. चांगलं आहे, त्वचेवरच बसून राहतं. पण केमिकल आहे."

"मग काढून टाका!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सॅम्पल पाठवलं. तासाभरात फोन. "मॅडम, ट्यूब खाली है!"

"हो. केमिकल-फ्री आहे."

*

मग मोगऱ्याच्या वासाचं खूळ निघालं. मॅडम म्हणाल्या, "सुगंधाची काही जणांना ॲलर्जी असते. आधी पॅच टेस्ट करू." शेठनी लगेच बाही वर केली. "माझ्यावर करा. मेरी चमडी मोटी है!"

दोन दिवसांनी आले तेव्हा हातावर लालभडक चट्टा. खाजवत खाजवत म्हणतात, "पण वास बघा ना, अजून टिकलाय!"

*

पालेगावला आमच्या सोसायटीत मंगलावहिनी राहतात. मोबाइलवर कुठलासा मेसेज वाचून त्यांनी सनस्क्रीनची ट्यूब माझ्या हातात आणून दिली. "यात टायटॅनियम आहे म्हणे. भिंतीच्या रंगात घालतात ते!"

मी समजावलं, रंगात घालतात हे खरं, पण इथे ते ऊन अडवायला असतं. क्रीममध्ये चालतं, फक्त स्प्रे-पावडर नाकात जाऊ द्यायची नाही. पटलं नाही. महिन्याभराने भेटल्या तर चेहरा सोललेला! कॅम्प तीनच्या बाजारातून गोरं करणारी क्रीम आणली होती. डबीवर ना नाव, ना पत्ता.

"वहिनी, आत काय आहे ते तरी बघायचं!"

"बघितलं की! काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे काही नसणारच ना?"

त्वचेच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले.

*

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला. गोपशेठच्या एका बॅचचा रिपोर्ट आला. लेबलवर एसपीएफ पन्नास, टेस्टमध्ये निम्माही नाही. माल सोडायच्या कागदावर मॅडमनी सही केली नाही.

शेठ तणतणत आले. "कमी आहे ना? जहर तर नाही? उलट केमिकल कमी, म्हणजे अजून सेफ!"

"शेठ, लोक लेबलवर भरवसा ठेवून उन्हात जातात."

मालकांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आल्या त्या चेहरा पाडूनच. "पुढच्या महिन्यात लॅबमध्ये बहुतेक तू एकटीच," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी मालकांनी स्वतः सही केली आणि माल शेठच्या गोडाऊनला गेला.

सकाळी शेठ पुन्हा हजर. या खेपेला आवाज खाली. "मॅडम, पोरीच्या तोंडावर चट्टे आलेत. डॉक्टर म्हणतात ल्यूपस आहे, ऊन अजिबात चालणार नाही. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलंय. कुठलं सेफ, सांगा ना."

मॅडमनी पर्समधून स्वतःची ट्यूब काढून टेबलावर ठेवली. शेठचाच ब्रँड!

"मी हेच लावते."

"आपलंच?" शेठचा चेहरा उजळला.

"हो. पण बॅच नंबर बघून घेते."

शेठनी ट्यूब उलटी केली. बराच वेळ ती बारीक अक्षरं वाचत उभे राहिले. मग खिशातून फोन काढला.

"अरे सुन, वो कलवाला माल... गाडी निकल गई क्या? वापस बुला."