बळीरामचे घोडे

कारगिलच्या वर्षी गुजरातेतल्या आमच्या लिंबायतेत जिकडेतिकडे गणपतीपुढे एकच देखावा ठरत होता: बर्फाचे डोंगर आणि वर तिरंगा. आमच्या मंडळाचंही तेच ठरत आलं होतं, तेवढ्यात दगाआप्पा उठले. आयुष्य कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे ते नेहमी ओरडूनच बोलायचे.

"माझ्या आजोबांची लढाई दाखवू!"

अध्यक्ष धर्मेंद्र हसला. "आप्पा, आजोबा कुठं लढले तुमचे?"

आप्पांनी सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांची बोअर शेतकऱ्यांशी जुंपली, तेव्हा हिंदुस्थानातल्या गोऱ्या मळेवाल्यांनी आपखुशीनं एक घोडदळ उभं केलं. स्वार गोरे, घोड्यांचा खरारा, दाणापाणी करणारे मोतद्दार इथले. धुळ्याकडचा बळीराम त्यांच्यातलाच. मोतद्दारानं बंदुकीला हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

एका सकाळी हे दळ उघड्या माळावर गोळीबारात सापडलं. स्वार उतरून गवतात आडवे झालेले, घोडे मागं ओढ्यात मोतद्दारांपाशी. माघारीचा बिगुल वाजला, पण डोकं वर काढायची सोय नव्हती. तेव्हा बळीराम घोडे घेऊन ओढ्यातून वर चढला. त्याला बघून बाकीचे मोतद्दारही निघाले. गोळ्यांतून त्यांनी घोडे थेट गवतापर्यंत नेले आणि दळ वाचलं. पुढे साहेबांनी आपला इतिहास छापला. शाळेतल्या अरुणाबाईंनी तो मिळवून वाचला, तर त्यात प्रत्येक स्वाराचं नाव, आणि मोतद्दारांना 'नोकर' एवढाच शब्द.

"पण आप्पा, गोऱ्यांनी दुसऱ्याचा मुलूख घ्यायला केलेली लढाई ती. आपण कशाला मिरवायची?" धर्मेंद्रनं विचारलं.

"लढाई नाही मिरवायची. माणूस दाखवायचा. आपण नाही दाखवला तर कोण दाखवणार?"

मग धर्मेंद्रच म्हणाला, "ठरलं."

सगळी गल्ली कामाला लागली. बांबूच्या सांगाड्यांवर रद्दी साड्या ताणून घोडे उभे राहिले. आयाळ लूमवरच्या तुटक्या सुताची. आप्पांनी दोनदा मान मोडून पुन्हा बांधायला लावली. "दमलेला घोडा अशी मान धरत नाही!" मोतद्दार पुढे, साहेब मागं गवतात. लाऊडस्पीकरवर अरुणाबाईंचा आवाज.

गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी रांग रिक्षा स्टँडपलीकडे गेली. आप्पांच्या आईला, सुभद्राबाईंना, आम्ही खुर्चीत बसवून आणलं. सून म्हणून त्यांनी बळीरामचं म्हातारपण पाहिलं होतं. बळीरामच्या पुतळ्यापुढं आल्या आणि त्यांनी चटकन पदर डोक्यावर ओढला.

"हाऊ ते मना सासराच शे!"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बळीरामबाबा की जय!" मग सगळा चौकच ओरडायला लागला. आप्पा आईच्या खुर्चीमागं उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं, पण रडताना दिसलेच.

त्या वर्षी देखाव्याचं पहिलं बक्षीस आमचं. कारगिलचे सगळे डोंगर मागं पडले.

विसर्जनाच्या मिरवणुकीत घोडे ट्रकवर चढवले. चौकात बंदोबस्ताच्या हवालदारानं गुजरातीत विचारलं, "कोण छे आ लोको?" आप्पा ट्रकवरून खाली उतरले आणि आफ्रिकेपासून सुरू झाले. मागं ढोल थांबले, मंडळं खोळंबली, पण हवालदार काही जागचा हलेना. गोष्ट संपली तेव्हा त्यानं टोपी सारखी केली, शिट्टी फुंकली आणि बाकीच्या गाड्या अडवून बळीरामच्या घोड्यांना आधी वाट करून दिली.