हयात संस्थापकाचा फोटो

रविवार, १ मे. आमच्या लीड्सच्या मंडळाचा महाराष्ट्र दिन दुपारी, आणि त्याआधी मराठी शाळेचं बिऱ्हाड पॅसेजमध्ये हलवणं हे माझं काम. शाळा म्हणजे कम्युनिटी सेंटरची मागची खोली, मंडळाने कायमची भाड्याने घेतलेली, आणि तिच्यात दर रविवारी दहा-बारा मुलांना मराठी शिकवणारी मी. आता त्या खोलीचं 'संस्थापक दालन' होणार होतं. संस्थापकांनी शाळा काढली, म्हणून शाळा बाहेर काढून तिथे संस्थापक लावायचे. कमिटीने हे एकमताने ठरवलं. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे एकमत व्हायला अडचण आली नाही.

"मुलांनी बसायचं कुठे?" मी नंतर विचारलं.

"पॅसेज मोठा आहे की," खजिनदार म्हणाले.

पॅसेज खरंच मोठा आहे. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला टॉयलेट. दोन रविवार तिथे वर्ग घेतला असता तर तिसऱ्या रविवारी एकही पालक आला नसता, आणि शाळा बंद पडण्याचं कारण म्हणून अहवालात 'मुलांची अनास्था' असं छापून आलं असतं.

संस्थापक एकूण पाच. त्यांची कथा दरवर्षी भाषणात असते. एकेका सुटकेसवर आले, बर्फ तुडवला, कोथिंबिरीसाठी बसने ब्रॅडफर्ड गाठलं. मग एका संध्याकाळी कोणाच्या तरी फ्रंट रूममध्ये जमून त्यांनी पुढच्या पिढीसाठी शाळा स्थापन केली. म्हणजे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडले, आणि उरलेल्याचं मन दुखू नये म्हणून त्याला सल्लागार केलं. विद्यार्थी चार होते, पदाधिकाऱ्यांपेक्षा एक कमी. शिकवायचं कोणी, हा विषय वेळेअभावी राहिला. तो त्यांच्या बायकांनी पोळ्या लाटता लाटता परस्पर मिटवला. इंग्रजांनी आपल्याकडे येऊन शाळा काढल्या त्या कारकून घडवायला. आपल्या लोकांनी इथे येऊन काढली ती अध्यक्ष घडवायला. दोन्ही ठिकाणी हेतू सफल झाला.

पाचांपैकी चार आता नाहीत. पाचवे, म्हणजे सल्लागार, नव्वदीकडे झुकलेले आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. दालनाचं उद्घाटन अर्थातच त्यांच्या हस्ते होतं.

सध्याच्या अध्यक्षबाई इथेच जन्मलेल्या, तिशीतल्या, कौन्सिलमध्ये नोकरीला आणि कामाला वाघ. फ्रेम्स, खिळे, पडदा, सगळं त्यांनी एकटीने केलं. मी पॅसेजमध्ये मुलांना फळांची नावं शिकवत होते, आणि मुलं स्वयंपाकघरातल्या वड्यांकडे बघत होती. खोलीत टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. मी दारातून डोकावले.

भिंतीवर पाच फोटो. पाचही फोटोंना चंदनाचे हार. पाचव्या फोटोखाली काका, हातात पडद्याची दोरी.

"हे काय आहे?" काका म्हणाले.

"काका, रिस्पेक्ट आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुण्याला आजीच्या घरी सगळे मोठे लोकांच्या फोटोला हार होता."

"अगं, ते सगळे गेलेले होते!"

"ऑल ऑफ देम?"

कोणाला हसावं की रडावं कळेना. काकू मात्र खुर्चीवरून शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं, चंदनाचा आहे. सुकायचा नाही."

"तू गप्प बस."

"गप्पच आहे. माझा फोटोच नाही इथे, म्हणजे मी अजून आहे."

चार मुलांना खरोखर अक्षरं शिकवणाऱ्यांपैकी काकू एक. पण त्या कार्यकारिणीवर नव्हत्या.

खजिनदारांनी स्टूल ओढलं. "काढतो काका. फक्त तुमचाच काढतो."

"म्हणजे चार हारवाले आणि शेवटी मी बिनहाराचा? पुढचा नंबर कोणाचा ते सांगायचंय का लोकांना?"

"मग सगळ्यांचेच काढू."

"आणि माझ्या बाबांनी काय पाप केलंय?" पहिल्या अध्यक्षांची लेक मागून म्हणाली. "त्यांचा हार राहील."

यावर दहा मिनिटं चर्चा झाली. काकांचा फोटो समोरच्या भिंतीवर लावावा, अशी सूचना आली. काका म्हणाले, एकट्याला वेगळं काढायला मी काय गुन्हेगार आहे? शेवटी त्यांनी दोरी खाली टाकली आणि फर्मावलं, "मी जिवंत आहे तोवर या खोलीत एकही फोटो लागणार नाही. संस्थापक म्हणून सांगतोय."

संस्थापकाचा शब्द कोण मोडणार? फोटो उतरले, बबल रॅपमध्ये गेले. मुलांसाठी काकांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं, तरी वड्यांच्या रांगेत मी त्यांचे मनापासून आभार मानले. ते म्हणाले, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "मार्गदर्शनाबद्दल." त्यांना ते पटलं.

अध्यक्षबाई सिंकपाशी डोळे पुसत होत्या. "मला कोणी सांगितलंच नाही," म्हणाल्या. खरं होतं. फोटोला हार कधी घालतात, हे आमच्या अभ्यासक्रमात नाही. त्या आमच्याच शाळेत शिकल्या आहेत.

वडे संपायच्या आत मी मुलांना पुन्हा खोलीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी बँक हॉलिडे होता. सकाळचा चहा झाल्या झाल्या मी काकूंना फोन लावला आणि काकांचं ब्लड प्रेशर किती आहे, गोळ्या वेळेवर घेतात का, रोज फिरायला जातात का, हे सगळं नीट विचारून घेतलं.