प्रश्न बरोबर होता, बाण उलटा होता

"हा प्रश्नच चुकीचा छापलाय," असं मी फळ्यावर खडू आपटून जाहीर केलं, तेव्हा शेवटच्या बाकावर मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. मॅडम म्हणजे सावेडीतल्या आमच्या क्लासच्या मालकीणबाई. बँक परीक्षेची नवी बॅच मला द्यायची की नाही, ते या डेमो लेक्चरवर ठरणार होतं.

प्रश्न असा: सहा जण, दोन गाड्या, प्रत्येकीत तिघं. अनिल पहिल्या गाडीत बसला, तर बाळूही पहिल्याच गाडीत. छाया आणि दीपा एका गाडीत बसणार नाहीत. फुलाला कसलीच अट नाही. बाळू आणि एकनाथ पहिल्या गाडीत बसलेत. तर अनिल कुठे?

अशा वेळी पुन्हा पुन्हा वाचत बसायचं नसतं. अटीचा बाण काढायचा, 'अनिल → बाळू', आणि ज्यांची जागा पक्की त्यांना आधी बसवायचं. हे मी मोठ्या झोकात सांगितलं. मग बाळू-एकनाथला बसवलं, बाण बघितला आणि शेजारी अनिललाही कोंबला. गाडी फुल्ल. दुसरीत उरल्या छाया, दीपा आणि फुला. अट मोडली! चूक माझी असेल, हे काही केल्या सुचेना. मी छापखान्याच्या नावानं दोन वाक्यं बोललो.

"सर," तिसऱ्या बाकावरून अश्विनी उठली. कोल्हारची मुलगी. "बाळू बसला म्हणून अनिलनं कशाला बसायचं?"

"बाण आहे ना तिथं!"

"बाण अनिलकडून निघालाय सर. आमचे चुलते, नाना, लग्नाला निघाले की नानी निघतीच. पन नानी निघाली म्हणून नाना निघत्यात व्हय? त्यांची कॅनॉलच्या पान्याची पाळी असती."

वर्ग हसला. मी फळ्याकडे बघितलं. अनिल दुसऱ्या गाडीत गेला, फुला त्याच्याबरोबर, छाया-दीपा एकेका गाडीत. सगळं चोख.

"आनि सर, मांडवात नानी दिसली न्हाई, तर नाना आलेलेच नसत्यात."

पाठ्यपुस्तकं याला दोन पानं घेतात. बाण उलटा वाचायचा, तर दोन्हीकडे 'नाही' लावून: बाळू नाही, तर अनिलही नाही. मी खडू खाली ठेवला. "प्रश्न बरोबर आहे. चुकीचा मी छापला गेलोय."

लेक्चरनंतर मॅडमनी बोलावलं. मी रिक्षाचे पैसे चाचपतच आत गेलो.

"चूक कबूल केलीत म्हणून बॅच देते. एक अट. तुम्ही फळ्यावर असाल, तर अश्विनी पहिल्या बाकावर."

या अटीची 'नाही'वाली बाजू मला पुढच्याच महिन्यात कळली. अश्विनी मामेबहिणीच्या लग्नाला गेली आणि मॅडमनी माझ्या हातातून डस्टर काढून घेतलं. दोन दिवस मी शेवटच्या बाकावर.

ती परतली, तेव्हा मी विचारलं, "काय, नाना आले होते का लग्नाला?"

"नानी आली हुती," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा, सर."

मी मनातल्या मनात बाण काढला.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"बरोबर!" ती म्हणाली, आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.