अंगणातून ठेवलेलं नाव

आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, उंबऱ्यात उभी राहिली, की सख्खा भाऊ असो नाहीतर सरपंच, हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. बादली, तांब्या आणि साबणाची वडी दाराशीच. दाराशी नाका बसवलाय म्हणून अख्खं आंबवडं गाव तिला नाकेदारीण म्हणायचं. राग मला यायचा, तिला नाही.

"पाय धुताय न्हवं? मग हातांनी काय गुन्हा केलाय?" म्हणत ती पाणी ओतायची.

मुलाला मुलगी झाली तेव्हा मला सर्दी होती. खोकला जाईपर्यंत माझं ताट गोठ्यात येत होतं. "नात बघू दे की," म्हटलं तर म्हणे, "तवर म्हस बघा. तिला तुमचा खोकला बाधत न्हाई."

नात दिवस भरायच्या आधी झालेली, मूठभर जीव. हिला सर्दी झाली तर श्वासाला जड जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. अन् बारशाला आमची लेक हिर्डोशीहून आली ती खोकतच. नाव ठेवायचा मान आत्याचा. ती बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र करते, मग नाव सांगते. नाकेदारीण दारातून हलेना.

"आये, मान हाय माजा! बाहीर उभी करतीस? पुन्हा न्हाई यायची मी."

"नको येऊ. पोरगी जगली पायजे."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी म्हातारी जरा मऊ झाली. "मान कुठं पळतोय? तितनंच वरड. आळीला ऐकू दे."

लेक रागानंच ओरडली, "कुर्रऽऽ! सईऽऽ!" शेजारची कुत्री भुंकायला लागली. आळी हसली, मग पदर तोंडाला लावून लेकही हसली. खोकला गेल्यावर परत आली, तेव्हा पोरीला मांडीवरून उतरवेना.

सई आता शाळेत जाते. म्हातारी गेल्या थंडीत गेली. झोपेतच, मला न विचारता.

दहावा आटोपून माणसं घरी आली. मी आत भिंतीला टेकून बसलो होतो. बराच वेळ कुणीच आत येईना म्हणून पाहिलं, तर उंबऱ्यात सई तांब्या धरून उभी, अन् अंगणात हात धुवायची रांग. सगळ्यांत पुढं लेक. "वता, नाकेदारीणबाई," ती म्हणाली.

मी उठलो, खाली उतरलो, रांगेत शेवटी उभा राहिलो. नंबर आला तशी सई म्हणाली, "आबा, तुमी तर घरातच व्हता."

"आत्ता नाक पुसलं," मी म्हणालो.

तिनं साबण पुढं केला.