एक वळण मागे

आमच्या सायकल सहलीत सगळ्यात शेवटी जो माणूस येतो, त्याला पाहुणे शेपूट म्हणतात. मी शेपूटराव म्हणते, कारण ते माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि रागावत नाहीत. रागवायचं खातं आमच्याकडे माझं. मी सामानाची गाडी चालवते. पाहुणे सकाळी आपल्या बॅगा माझ्या गळ्यात मारून मोकळे होतात आणि समुद्रकाठचे चढउतार, शेतांमधले अरुंद रस्ते, कोळ्यांची छोटी बंदरं बघत संध्याकाळपर्यंत पुढच्या मुक्कामाला येतात. शेपूटराव त्या सगळ्यांच्या नंतर.

त्यांचं काम ऐकायला सोपं आहे. पंप, ट्यूबा आणि साखळीच्या जादा कड्या पाठीवर घेऊन शेवटच्या पाहुण्याच्या मागे राहायचं. पण त्यात त्यांनी स्वतःचा एक नियम घालून घेतला आहे. अगदी मागे राहायचं नाही, एक वळण मागे राहायचं. त्यांचं म्हणणं असं, की जो मागे पडतो तो आधीच ओशाळलेला असतो. त्यात मागून कोणी राखण करत येतंय हे दिसलं, की त्याची उरलीसुरली हवाही जाते. म्हणून हे वळणावरून मान काढून बघत राहणार. पाहुण्याने डावा हात वर केला तरच पुढे जाणार. तो समुद्र बघत बसला, तर हे अलीकडे कुंपणाला सायकल टेकवून उभे, मग वारा कितीही झोंबू दे. मालकांना हा नियम इतका आवडला की पहिल्या दिवशी ते तो पाहुण्यांना कौतुकाने सांगतात.

त्यामुळे शेपूटरावांचं कोणाशी बोलणंच होत नाही. जेवणाच्या थांब्यावर ते येतात तेव्हा बाकीचे तोंड पुसून निघालेले असतात. मग उरलेला ब्रेड आणि थर्मासच्या तळाचा चहा. संध्याकाळी सगळे जेवायला बसले, की हे मागच्या अंगणात सायकली धुतात. सायकलींच्या शेडवर त्यांची खोली आहे. खाट, शेगडी आणि एकच खुर्ची. दुसरी का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, कोण येणार आहे बसायला?

बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिचा आजार एकाएकी बळावला तेव्हा हे टेकड्यांपलीकडे कुठल्याशा लंगडणाऱ्या पाहुण्याच्या मागे होते. दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. एकुलती एक मुलगी तिथेच, जिन्यात, त्यांना म्हणाली की तुम्ही आमच्या वाट्याला नेहमी शेवटीच आलात, आता मला पुन्हा तोंड दाखवू नका. दुःखात माणूस काय काय बोलतो. पण शेपूटरावांनी ते मुकाट्याने पाळलं. फोन नाही, भेट नाही.

आणि या मोसमात ती आली. रीतसर नाव नोंदवून, तीन दिवसांच्या सहलीला, पाहुणी म्हणून. बॅग माझ्याकडे देताना म्हणाली, "मावशी, मी त्यांची मुलगी." निघण्याआधी शेपूटराव प्रत्येकाची सायकल तपासतात, तशी तिचीही तपासली. तिच्या चाकाशी गुडघे टेकून बसले, ब्रेक दाबून पाहिले आणि वर न बघता पुढच्या सायकलीकडे सरकले. मला वाटलं, चला, बर्फ दोन्हीकडे आहे. तीन दिवसांत वितळेल. मी काही त्यांच्या घरात नाक खुपसायला गेले नाही. आयुष्यात एकदा तोंडाला आवर घातला, तो नेमका नको तेव्हा.

पहिले दोन दिवस मुलगी सगळ्यांच्या मागे होती. आमच्याबरोबर दातांचे एक डॉक्टर होते, अंगाने भारी, प्रत्येक चढावर उतरून सायकल ढकलणारे. तेसुद्धा तिच्या आधी येत. ती आली की तिच्यानंतर बऱ्याच वेळाने शेपूटराव. मी मनात म्हटलं, सायकलवाल्याची पोर आणि ही तऱ्हा.

तिसऱ्या दिवशी दुपारचा थांबा दीपगृहापाशी होता. मी अजून चहाची भांडी उतरवत होते, तोच ती हजर. सगळ्यांच्या कितीतरी आधी, आणि दमही लागलेला नाही. मी म्हटलं, आज काय पंख फुटले की काय? तशी ती पायरीवर बसली आणि सगळं बोलली. लहानपणापासून ती वडिलांइतकीच सायकल मारते. दोन दिवस रखडली ती मुद्दाम. शेवटी राहिलं की बाबांना आपल्यामागेच राहावं लागेल, रिकाम्या रस्त्यावर कधीतरी ते शेजारी येतील, आणि मग जिन्यात बोललेलं मागे घेता येईल, असा तिचा हिशेब. ती हळू झाली की ते हळू. ती थांबली की ते वळणाआड थांबलेले. काल एका बांधावर ती इतका वेळ बसली, की शेतातला माणूस येऊन काही दुखतंय का विचारून गेला. बाबा आले नाहीत.

मी म्हटलं, अगं, मग हात वर करायचास.

"हात वर केला असता, तर पंक्चर काढणारा आला असता, मावशी," ती म्हणाली. "मला बाबा हवे होते."

चहा न घेताच ती उठली आणि गाडीतून आपली बॅग काढून घेतली. बंदरावरून दुपारची बस होती, ती पकडते म्हणाली. मी थांब म्हटलं, पण तिने मान हलवली आणि निघाली.

शेपूटराव आले ते डॉक्टरांच्या मागे, नेहमीसारखे, बाकीचे सगळे निघून गेल्यावर. मी त्यांना फैलावर घेतलं. दोन दिवस तुमची पोर तुमच्यासाठी वाटेत बसून होती आणि तुम्ही कसली राखण करत होता, असं बरंच काही. "मला वाटलं, तिला माझं तोंड बघायचं नाही," एवढंच म्हणाले.

दीपगृहापासून बंदरापर्यंत कड्याच्या अंगाने नुसती पाऊलवाट आहे. गाडीला टेकडीला मोठा वळसा घालून जावं लागतं. सायकल लवकर पोचते. डॉक्टरांना सायकलीसकट मी गाडीत कोंबलं आणि शेपूटरावांना म्हटलं, आता पळा. ते पळाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते पाहुण्यांच्या पुढे गेले. पाहुण्यांनी मला नंतर सांगितलं, की शेपूट पुढे चाललेलं बघून त्यांना वाटलं कुठेतरी अपघात झालाय. एका हौशी गृहस्थाला मात्र शर्यत लागली असं वाटलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण सारखं हळू चालवून शेपूटरावांच्या पायांतला वेग गेला होता, आणि पुढे जी होती ती आता कोणासाठीही रखडत नव्हती.

मी बंदरावर पोचले तेव्हा बस गेली होती. शेपूटराव थांब्यावर सायकल धरून उभे होते, छाती भात्यासारखी चाललेली. मी म्हटलं, फोन लावा, आत्ताच्या आत्ता. तिचा नंबर त्यांच्याकडे होताच. ते हातातली सायकल सोडेनात म्हणून मीच लावून दिला आणि जरा बाजूला झाले. ते काहीतरी दोन शब्द बोललेले दिसले, मग तिचं ऐकलं, आणखी एक शब्द बोलले आणि फोन खाली.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"खिडकी लावून घे म्हटलं. वारा फार आहे."

"आणि ती?"

"ती म्हणाली, आणखी काही सांगायचंय का?" ते समुद्राकडे बघत होते. "मी म्हटलं, नाही."

त्यांना चार शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलं, आणि रडूच आलं. शेपूटरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोणाला आपली अडचण नको म्हणून चार पावलं मागे जाऊन उभे राहिले.