पाकीट एकच, वाफे दोन

माझ्या थोरल्या जाऊबाई बत्तीस वर्षं छापखान्यात पुस्तकं शिवत होत्या. घाई कशाशी खातात, हे त्यांना ठाऊकच नाही. चहा असा पितात की बघणाऱ्याचा निवून जावा. तरी आल्यागेल्याने कौतुक करायचं ते त्यांचंच. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? फाटकाशी थांबून कुणीतरी एकदा मला विचारावं, 'हे तुमचं का?' एवढंच मला हवं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी डेझीच्या बियांचं पाकीट आणलं. एकदा लावली की दरवर्षी फुलणारी जात. अर्धं बी मला दिलं. अंगणात दोन वाफे, मध्ये विटांची रांग. त्यांनी बी वाळूत मिसळून पेरलं, मी मुठीने फेकलं. माझा वाफा गच्च हिरवा झाला आणि आठ दिवस मी ताठ मानेने फिरले. त्या मात्र पुस्तकं शिवायच्या दाभणाने एकेक रोप उचलून वीतभर अंतरावर लावत बसल्या.

पुढे सहा महिने नुसती पानं.

"काय दिवे लावले तुमच्या बियांनी?" मी विचारलं.

"पहिलं वर्ष मुळांचं असतं गं. थांब जरा."

मी कसली थांबतेय. सगळी रोपं उपटून कुंपणापाशी भिरकावली आणि नर्सरीतून फुललेली पिटुनिया आणून खोचली. उन्हाळ्यात ती वाळून गेली.

दुसऱ्या वर्षी जाऊबाईंचा वाफा पांढराशुभ्र झाला, शिवाय कुंपणालगत आणखी एक रांग फुलली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"वाफा पुरला नाही म्हणून कुंपणही बळकावलंत?"

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "ती तुझीच रोपं आहेत. तू फेकलीस त्याच संध्याकाळी लावली. सांगितलं असतं तर पुन्हा उपटली असतीस."

तेवढ्यात फाटकाशी कोपऱ्यावरची शिंपीण थांबली. "कुंपणाजवळची कुणाची हो? फारच छान आलीत."

"हिची," जाऊबाई म्हणाल्या आणि परत वाळकी पानं कापायला लागल्या.

जे ऐकायला मी आसुसले होते ते ऐकलं आणि आतून पार जळून गेले. वर्षभर पाणी त्यांनी घातलं होतं, तरी माझं नाव घेताना त्यांना जराही जड गेलं नाही. मला ते जन्मात जमलं नसतं.